घड्याळजींची दोनशे मीटरची बुडी

"आता मी जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यातल्या एकाचाही विश्वास बसणार नाही," घड्याळजी म्हणाले, आणि टेबलावर पसरलेल्या रिसॉर्टच्या माहितीपत्रकावर त्यांनी आपला चष्मा उपडा ठेवून दिला, म्हणजे गोष्ट संपेपर्यंत कोणी पान उलटू नये. "दोनशे मीटर खोल. सकाळचे दहा वाजून बेचाळीस मिनिटं. वर पाहिलं तर होडी म्हणजे जेमतेम तीळ. आणि डावीकडून एक मासा आला. ह्या टेबलाएवढा म्हणणार होतो, पण टेबल लहान पडेल. आला तो थेट माझ्या मनगटाशी थांबला, वाजले किती ते पाहिलं आणि शेपटी आपटत सुसाट निघून गेला."

"का?" नातीने विचारलं.

"उशीर झाला असणार त्याला. दुसरं काय?"

मुलगा ताटात बघून हसला. सूनबाई हसली नाही. तिने चष्मा उचलून सासऱ्यांच्या हातात दिला आणि पान उलटलं. "आपण खोल्यांचं बघत होतो," ती म्हणाली. "समुद्र दिसणारी हवी की एसी चालणारी? दोन्ही एकत्र मिळेल असं ह्यांनी कुठेच छापलेलं नाही."

भर उन्हाळा होता. दारं-खिडक्या बंद, पडदे ओढलेले, आणि डोक्यावरचा पंखा तीच गरम हवा गरगर फिरवून परत अंगावर टाकत होता. अशा दिवसांत समुद्राकाठी सुट्टीला जाणं म्हणजे तव्यावरून उठून तव्याच्या कडेला बसणं, हे घरातल्या चौघांनाही कळत होतं. पण शाळेची सुट्टी आणि सूनबाईची रजा ह्यांची गाठ वर्षातून त्याच दोन आठवड्यांत पडायची. मुलगा शीतगृहात यंत्रं सांभाळायचा. उन्हाने डांबर पाघळत असताना बगलेत स्वेटर मारून कामावर निघणारा त्या रस्त्यावरचा तो एकटाच इसम. त्याने चार दिवसांची रजा मिळवली होती ती बारमाही सर्दी साहेबांना प्रत्यक्ष ऐकवून.

आणि जागा शोधली होती नातीने. हे खरं नवल. डायव्हिंग शिकवणारं रिसॉर्ट!

नात बारा वर्षांची. जागेवर उभी राहायची तरी स्वतःभोवती एक गिरकी घेऊन मगच उभी राहायची, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. ही भिंगरी पाच वर्षांची असताना पोहण्याच्या तलावाच्या खोल बाजूला पाय घसरून पडली होती. काढली लगेच. दोन घोट पाणी पोटात गेलं, एवढंच. पण त्यानंतर डोक्यावर पाण्याचा तांब्या आला की ती अशी किंचाळायची की शेजारी दार वाजवून चौकशी करत. केस धुणं म्हणजे आठवड्याचं युद्ध झालं. तेव्हा एका रविवारी घड्याळजी आपलं तीन पायांचं स्टूल घेऊन न्हाणीघराच्या दाराशी बसले आणि, आयुष्यात गुडघ्यावर पाण्यात न गेलेला तो माणूस, म्हणाला, "मी समुद्राच्या तळाशी गेलो होतो तेव्हाची गोष्ट ऐकणार का?"

किंचाळणं थांबलं. तांब्या ओतला गेला. "मग?" आतून आवाज आला.

तिथून सात वर्षं ते त्या 'मग'चं उत्तर देत होते.

आता थाप मारायची तर साहित्य लागतं, आणि ते घड्याळजींकडे भरपूर होतं. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान. बंदरावरचे पाणबुडे, गोदीतले वेल्डर, बोटीवरचे मिस्त्री आपली पाण्यात चालणारी घड्याळं दुरुस्तीला त्यांच्याकडेच आणायचे. डोळ्याला भिंग लावून, चिमट्याने झाकणाखालची जुनी रबरी रिंग काढून नवी बसवताना घड्याळजी फक्त "हं" म्हणत, आणि समोरचा माणूस आपोआप बोलू लागे. चाळीस वर्षं त्यांनी असे समुद्र ऐकले. मासे लोकांचे, खडक लोकांचे, धाडस लोकांचं. स्वतःची भर म्हणाल तर दोनच गोष्टींची. एक म्हणजे वेळ. त्यांच्या प्रत्येक गोष्टीत तास आणि मिनिटं असत, आणि मिनिटासकट सांगितलेल्या गोष्टीवर शंका घ्यायला माणूस जरा कचरतोच. दुसरी भर खोलीची. ती त्यांनी तबकडीवरून घेतली होती. तबकडीवर छापलेलं असे '२०० मीटर'. म्हणजे हे लोक दोनशे मीटर खोल जातात, असं घड्याळजींनी सरळ धरून टाकलं. विचारायचं कोणाला? आणि कशाला?

भिंतीवर एक फोटो होता. कोणा गिऱ्हाइकाने खूश होऊन दिलेला. त्यात नखशिखांत काळ्या रबरी पोशाखातला, तोंडावर काचेचा मुखवटा लावलेला माणूस होडीच्या कडेला उभा होता. चेहऱ्याचा बोटभर भागसुद्धा दिसत नव्हता. "हा मी," घड्याळजींनी एकदा सांगितलं होतं, आणि तेवढ्यावर काम भागलं होतं.

त्याच जेवणानंतर भिंगरीने आईच्या फोनवर रिसॉर्टचा अर्ज भरायला घेतला.

"नाव झालं. वय झालं. पोहता येतं का? 'थोडंसं.' सोबत अनुभवी जोडीदार आहे का? 'हो. आजोबा.'"

मुलाला ठसका लागला.

"अगं भिंगरे," सूनबाई घाईने म्हणाली, "आजोबांचं वय बघ की. ते वाळूत छत्रीखाली बसतील. तू त्या शिकवणाऱ्या बाईंबरोबर जा."

"मग मीही छत्रीखाली बसते." ती हे इतकं सहज म्हणाली की कोणाला पुढे बोलवेना. "आजोबा असले तरच मी पाण्यात जाणार. मला काय हौस आहे का पाण्याची? मला तळ बघायचाय. ह्यांनी सांगितलेला."

घड्याळजी पाणी प्यायले.

"जोडीदाराने गाठलेली सर्वांत जास्त खोली," भिंगरी वाचत होती. "दोनशे मीटर." आणि कोणी हात पुढे करायच्या आत तिने अर्ज पाठवूनही दिला. "आणि आजोबा, काल बादलीत तोंड घालून मी पंचावन्न सेकंद काढले. एक बुडबुडा नाही!"

"शाबास!" घड्याळजींच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

हे बुडबुड्यांचं प्रकरण समजून घ्यायला हवं. घड्याळात पाणी शिरतं की नाही हे पाहायला दुकानात एक जाड काचेची बरणी होती. अर्धी पाण्याने भरलेली. घड्याळ आत, पाण्याच्या वर टांगायचं, झाकण आवळायचं, हातपंपाने हवेचा दाब चढवायचा, मग घड्याळ पाण्यात सोडायचं आणि दाब हळूहळू उतरवायचा. घड्याळातून बुडबुडे निघाले की समजायचं, कुठेतरी फट आहे. घड्याळ नापास. भिंगरी लहानपणापासून त्या बरणीला नाक लावून बसायची आणि बुडबुडा दिसला की टाळी वाजवून ओरडायची, "नापास!" त्यामुळे घड्याळजींच्या गोष्टीतला पाणबुड्याही तसाच झाला होता. तोंड बंद, श्वास बंद, चांगल्या घड्याळासारखा चहूकडून मिटलेला. "बुडबुडा सुटला की पाणबुड्या नापास," असं त्यांनी सात वर्षं सांगितलं होतं, आणि डोक्यावर तांब्या येताना भिंगरी छातीत हवा भरून, गाल फुगवून, एकही बुडबुडा न सोडता बसायला शिकली होती. तिची भीती गेली ती श्वास रोखण्याच्या जोरावर. तिच्या मते सगळी विद्या तेवढीच.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात फोन वाजला.

"काका, नमस्कार. मी रिसॉर्टवरून बोलतेय, डायव्हिंग शिकवते मी." घोगऱ्या, ठणठणीत आवाजाची बाई होती. "तुमच्या नातीचा अर्ज आलाय. फक्त एक विचारायचं होतं. खोली दोनशे लिहिलीय. एक शून्य जास्त पडलंय ना?"

"पडलं असेल," घड्याळजी म्हणाले.

"वीस म्हणजे ठीक. मी अठरा वर्षं हेच करतेय आणि माझी स्वतःची चाळीस आहे. आमच्यासारखी हवेची टाकी पाठीवर घेऊन दोनशेला गेलेला माणूस सहसा फोन उचलत नाही."

घड्याळजींनी हातातला चिमटा खाली ठेवला. "पण तबकडीवर दोनशे छापलेलं असतं ते?"

"ते घड्याळाचं झालं, काका. माणसाचं नाही." ती हसली. "बरं, मुलीला मी बारा मीटरच्या पुढे नेणार नाही. तुम्ही जुने आहात, तुम्हाला काय सांगायचं, पण घरी तिच्याकडून एक गोष्ट घोकून घ्या. पाण्याखाली श्वास रोखायचा नाही. कधीच नाही. मी सगळा वेळ मुलांचे बुडबुडेच बघत असते. बुडबुडे येतायत म्हणजे मूल ठीक आहे."

"बुडबुडे आले पाहिजेत?" घड्याळजींनी विचारलं.

"अहो, म्हणजे काय! टाकीतली हवा दाबाखाली छातीत भरलेली असते. वर येताना दाब उतरतो, हवा फुगते. माणूस श्वास रोखून वर आला तर ती हवा जाणार कुठे? आतल्या आत फाटतं सगळं. दोन मीटरवरून वर येतानासुद्धा."

दुसऱ्या कोणाला हे समजावून द्यावं लागलं असतं. घड्याळजींना नाही. एकदा घाईच्या दिवशी त्यांनी बरणीतला दाब एकदम सोडला होता. एका घड्याळात हवा शिरून अडकली होती. तिला बाहेर यायला वेळच मिळाला नाही. घड्याळाची काच टप्पकन उडाली होती आणि काटे वाकडे होऊन बरणीच्या तळाशी जाऊन बसले होते. त्यांनी ते घड्याळ डोळ्यांपुढे आणलं, आणि त्याच्याशेजारी गाल फुगवून बसलेली भिंगरी आपोआप दिसली.

"बाई," ते म्हणाले, "तो दोनशेचा आकडा... त्यातली दोन्ही शून्यं राहू द्या. आधीचा दोन तेवढा काढून टाका."

"म्हणजे तुम्ही..."

"मी घड्याळं दुरुस्त करतो. पोहतासुद्धा येत नाही. आणि मीच तिला श्वास रोखायला शिकवलंय. सात वर्षं."

बाई रागावली नाही, हे घड्याळजींना जास्त लागलं. "बरं झालं सांगितलंत," ती म्हणाली. "जोडीदाराचं काही नाही, मी तिला एकटीला नेईन, वेगळी वेळ लावून. आधी दोन दिवस उथळ पाण्यात ठेवीन. पण काका, मला भीती सवयीची असते. पाण्यात माणूस घाबरला की ऐकलेलं विसरतो, अंगात मुरलेलं तेवढं करतो. आणि शब्द कोणाचा खरा मानायचा हे मूल घरूनच ठरवून येतं. ते तिच्या डोक्यातून तुम्हीच काढा. नाही निघालं, तर मी तिला पाण्यात घेणार नाही. परवा येताय ना? परवा भेटू."

संध्याकाळी भिंगरी दुकानात आली तेव्हा घड्याळजींनी दिवा बंद केला, भिंग काढलं, आणि घसा खाकरून म्हणाले, "हे बघ. मी कधी समुद्रात गेलेलो नाही."

भिंगरीने एक गिरकी घेतली आणि स्टुलावर बसली. "मग?"

"मग काही नाही. गेलोच नाही. एवढंच."

"आणि मग पुढे काय होतं?"

"पुढे काय होणार? ही गोष्ट नाही, खरं सांगतोय. हा फोटो... हा मी नाही. कोणीतरी दिलेला आहे."

ती उठून फोटोजवळ गेली, मान वाकडी करून बघत राहिली. "तुम्हीच. पोक बघा की. पाठीत असाच वाक आहे."

"त्याच्या पाठीवर टाकी आहे गं! आणि श्वास रोखायचा नसतो. मी चुकीचं सांगितलं. बुडबुडे सोडायचे असतात, भरपूर."

आता मात्र ती मनापासून हसली. "आजोबा, तुम्ही ना! उद्या सांगाल घड्याळात पाणी भरायचं असतं." आणि जाताना दारातून म्हणाली, "घाबरू नका. मी आहे ना तुमच्याबरोबर."

घड्याळजी दिवा न लावता तसेच बसून राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तिला निव्वळ खरं सांगितलं होतं, आणि तिला ते आजवरच्या सगळ्या गोष्टींत कच्चं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाईने स्वतः प्रयत्न करून पाहिला. ती इस्पितळात एक्स-रे काढायची. फुप्फुसं कशी असतात हे घरात तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? तिने भिंगरीला समोर बसवून, फुग्याचं उदाहरण देऊन, सगळं नीट सांगितलं.

"आई," भिंगरी म्हणाली, "तू तर दिवसभर लोकांना श्वास रोखायलाच सांगतेस."

"ते चित्र हलू नये म्हणून गं. दोन सेकंद. आणि लगेच 'सोडा' असंही सांगते."

"'रोखा' म्हणतेस ते बाहेर बाकड्यावर ऐकू येतं. 'सोडा' कधी ऐकू आलं नाही मला."

सूनबाईने कपाळाला हात लावला. स्वयंपाकघरात येऊन तिने सासऱ्यांना चहा दिला आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

"तुमच्या गोष्टींमुळे हिचे केस धुता आले मला, बाबा. नाहीतर मुंडण करून ठेवावं लागलं असतं. म्हणून मी कधी तोंड उघडलं नाही. ह्यांनाही उघडू दिलं नाही. तेव्हा दोष एकट्या तुमचा आहे असं काही मी म्हणणार नाही."

"थोडा तरी म्हण. बरं वाटेल."

"थोडा आहेच." ती हसली नाही, पण आवाज मऊ झाला. "तिकिटं रद्द करू या का? डोंगरावर जाऊ. ह्या उन्हात तेच बरं."

"आणि पुढच्या वर्षी?" घड्याळजी म्हणाले. "आणि शाळेच्या सहलीत? कधीतरी कुठल्यातरी पाण्यात ती जाणारच, आणि माझा शब्द घेऊन जाणार. मी काल सगळं सांगितलं गं तिला. सरळ सांगितलं."

"सांगितलंत ते मी ऐकलं दारातून. तीनदा चाचरलात. थापा मारताना तुम्ही कधी चाचरत नाही. ती कोणाचं ऐकेल?"

ती कामावर निघून गेली. घड्याळजी चहाचा कप हातात धरून बसले. कप गार होत गेला. सूनबाई म्हणाली ते बरोबरच होतं. आपल्या तोंडातून आलेलं खरं म्हणजे दुसऱ्याच्या घड्याळाची किल्ली. बसतच नाही. मुलीच्या डोक्यात बसलेलं बाहेर काढायचं तर जिथून ते आत गेलं तिथूनच हात घालायला हवा. पण मग ते काढलं की बाकीचं राहणार नाही. मासा जाईल, तीळभर होडी जाईल, भिंतीवरचा फोटो कोणा परक्या माणसाचा होईल. आणि ती? तिला उभं केलं होतं ते त्याच्यावर. ते काढून घेतल्यावर ती पुन्हा किंचाळू लागली तर? पाच वर्षांची भिंगरी निदान त्यांच्या आवाजाने गप्प व्हायची. बारा वर्षांची भिंगरी त्या आवाजावरच विश्वास ठेवेनाशी झाली, तर तिला गप्प करायला घरात उरतं कोण?

त्यांनी हे सगळं तराजूच्या एका पारड्यात टाकलं. दुसऱ्यात काहीच टाकलं नाही, फक्त ती काच उडाल्याचा टप्पकन झालेला आवाज आठवला. ते दुसरं पारडं खाली गेलं.

दुपारी बॅगा भरायच्या होत्या. खोलीभर टोप्या, टॉवेल, उन्हाचं मलम आणि मुलाने सवयीने टाकलेला स्वेटर पसरला होता. सूनबाई लवकर घरी आली होती आणि स्वेटर बाहेर काढत होती. मुलगा तो परत आत टाकत होता. "एसी असेल तर?" तो म्हणत होता. भिंगरी जमिनीवर बसून मोजे मोजत होती, समुद्रावर मोजे कशाला हा प्रश्न तिला पडलेला नव्हता.

घड्याळजी दारातली खुर्ची ओढून बसले.

"आता जे सांगणार आहे," ते म्हणाले, "ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. तळावरची सगळ्यांत मोठी बुडी."

भिंगरीने मोजे टाकले. "थांबा! मी पण रोखते, तुमच्याबरोबर." हा त्यांचा जुना खेळ. गोष्टीतला पाणबुड्या खाली गेला की तिने छाती भरून घ्यायची आणि तो वर आला की सोडायची. घड्याळजी आजवर नेहमी तिच्या चेहऱ्याकडे बघून वर येत असत. तीस-चाळीस सेकंद झाले, तिचे कान लाल व्हायला लागले, की गोष्टीतला माणूस पाण्याबाहेर डोकं काढी.

"दहा वाजून पाच मिनिटं," घड्याळजी म्हणाले. "श्वास घेतला. रोखला. गेलो खाली."

भिंगरीने गाल फुगवले.

"पन्नास मीटर. शंभर. दोनशे. तिथे एक गुहा. आत शिरलो. आत अंधार, आणि अंधारात एक म्हातारा खेकडा. म्हणाला, 'घड्याळ दुरुस्त करणारे तुम्हीच का?' मी मानेनेच हो म्हटलं. तोंड कसं उघडणार? श्वास रोखलेला. म्हणाला, 'मग बसा. माझं जरा मागे पडतंय.'"

मुलगा हसू लागला. भिंगरीचेही डोळे हसत होते, गाल तसेच टम्म होते.

"बसलो. घड्याळ उघडलं. आत वाळू. एक-एक कण चिमट्याने काढायचा. दहा वाजून वीस मिनिटं झाली. तरी श्वास रोखलेलाच."

भिंगरीचे कान लाल झाले. ती त्यांच्याकडे बघत होती, आता वर येतील, आता येतील म्हणून. घड्याळजींनी नजर तिच्यावर ठेवली आणि ते वर आले नाहीत.

"वाळू काढून झाली तर स्प्रिंग तुटलेली. साडेदहा. खेकडा म्हणाला, 'घाई नाही, सावकाश होऊ दे.' मी नवी स्प्रिंग बसवायला घेतली."

फस्सकन भिंगरीचा श्वास सुटला. "आजोबा! लवकर या ना वर!"

"कसा येऊ? काम अर्धं राहिलंय. तू पुन्हा घे. पावणेअकरा."

तिने पुन्हा छाती भरली. ह्या वेळी नाक चिमटीत धरलं. घड्याळजींचा आवाज एकसारखा चालला होता, मिनिटाचा काटा चालावा तसा. अकरा वाजले. खेकड्याची बायको आली. तिचंही घड्याळ होतं. सव्वाअकरा. मग तिच्या भावाचं. साडेअकरा. भिंगरीचा श्वास दुसऱ्यांदा सुटला, तिने तिसऱ्यांदा घेतला, आणि ह्या खेपेला तो वीस सेकंदसुद्धा टिकला नाही. ती हातांवर रेलून धापा टाकत बसली. मुलगा हसायचा थांबला होता. सूनबाई स्वेटर छातीशी धरून उभी होती. तिचं एक पाऊल पुढे आलं. घड्याळजींनी तिच्याकडे न बघता हाताने 'थांब' केलं.

"बारा वाजले," ते म्हणाले. "मला झोप आली. खेकडा म्हणाला, 'इथेच पडा की.' मी आडवा झालो. झोपलो. आणि झोपेतसुद्धा, भिंगरे, मी श्वास रोखूनच होतो. एक बुडबुडा नाही."

भिंगरी त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या कपाळावर घाम होता आणि छाती भात्यासारखी वरखाली होत होती. तिने भिंतीपलीकडे, दुकानाच्या बाजूला एकदा पाहिलं, जिथे तो फोटो होता. मग परत आजोबांकडे. घड्याळजींना वाटलं, अजूनही तोंडातून 'पण मग' असं काहीतरी काढावं, खेकड्याकडे नळी होती म्हणावं, काहीही म्हणावं, आणि ती पुन्हा हसेल. जीभ टाळ्यापर्यंत आली. त्यांनी ती दातांखाली धरली.

"जाग आली तेव्हा," ते म्हणाले, आणि ह्या वेळी चाचरले नाहीत, "संध्याकाळचे चार वाजून सात मिनिटं झाली होती. अजून रोखलेलाच."

"खोटं!" भिंगरी ताडकन उठून ओरडली. "साफ खोटं बोलताय तुम्ही! श्वास घेतल्याशिवाय कोणी राहूच शकत नाही, आजोबा, कोणीच नाही, तुम्हीसुद्धा नाही!"